कार्ब्युरेटरखालची ती नळी

जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरखाली एक बारीक रबरी नळी जमिनीकडे तोंड करून लोंबत असते. तिच्यातून पेट्रोल ठिबकलं की काही जण नळीच बंद करून टाकतात. हे अजिबात करू नका!

कार्ब्युरेटरच्या वाटीत गच्चीवरच्या टाकीसारखाच फ्लोट असतो. पेट्रोल ठरावीक पातळीला पोचलं की तो नीडल, म्हणजे सुईसारखी झडप, वर दाबून आवक थांबवतो. नीडलच्या टोकाशी कचरा अडकला, ती झिजली किंवा फ्लोटला भोक पडलं, की पातळी चढतच राहते. जादा पेट्रोलला या नळीची वाट मिळाली नाही, तर ते सिलिंडरमध्ये उतरतं आणि तिथून झिरपून इंजिन ऑइल पातळ करतं. नळीच गायब असेल तर थेंब तापलेल्या इंजिनावर पडून आग लागू शकते. म्हणून ठिबकताना दिसलं की आधी पेट्रोल कॉक बंद करा, मग नीडल तपासून घ्या.

वाटीच्या तळाला ड्रेन स्क्रूही असतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, तो सैल करून वाटी रिकामी करावी. शिळं पेट्रोल चिकट होऊन इंधन सोडणाऱ्या जेटची बारीक भोकं बुजवतं.