घरातली फाइल बाहेरून का उघडत नाही?

वडिलांचे जुने ईसीजी, रक्ताचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड मुलीने स्कॅन करून घरच्या फाइल सर्व्हरवर नीट लावून ठेवलेले असतात. फाइल सर्व्हर म्हणजे राउटरला जोडलेला, चोवीस तास चालू असणारा, हार्ड डिस्क असलेला छोटा संगणक. घरात वाय-फायवर सगळे क्षणात उघडते. एक दिवस वडील गावी असताना त्यांच्या छातीत दुखू लागते. तिथले डॉक्टर विचारतात, ‘जुना ईसीजी आहे का?’ आणि मोबाइलवर नुसते चक्र फिरत राहते.

अशी वेळ कोणावरही येऊ शकते. जुन्या ईसीजीसाठी उपचार थांबत नाहीत, थांबूही नयेत. पण आलेखातला बदल आजचा की पूर्वीचाच, हे दोन्ही ईसीजी शेजारी ठेवले की लवकर कळते.

दोष शोधताना रुग्ण तपासावा तसे क्रमाने जावे. पहिला प्रश्न : घरच्या वाय-फायवर फाइल उघडते का? उघडत नसेल तर बिघाड घरातच आहे. वीज जाऊन आली की राउटर कधीकधी सर्व्हरला नवा अंतर्गत पत्ता देतो आणि मोबाइल जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी एकच पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो.

घरात उघडते, बाहेर नाही, असे असेल तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तपासावे. घरात बसून बाहेरच्या पत्त्याने केलेली चाचणी फसवी ठरू शकते. कारण काही राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत.

तिसरी तपासणी सर्वात महत्त्वाची. राउटरच्या पानावर त्याचा इंटरनेटकडचा पत्ता दिसतो. ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावर घरातूनच दुसरा पत्ता पाहावा. दोन्ही सारखे असतील तर राउटरमधील सेटिंग चुकले असण्याची शक्यता अधिक. ते वेगळे असतील आणि राउटरचा पत्ता १०, १९२.१६८ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर निदान झाले : तुमचे कनेक्शन सामायिक आहे. घरात एकामागे एक दोन राउटर तरी आहेत किंवा केबलवाल्याने अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवली आहेत.

यात लबाडी नाही, टंचाई आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४चे पत्ते सुमारे ४३० कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले. २०१२मध्ये १००.६४पासूनचे पत्ते अशा सामायिक वापरासाठीच राखून ठेवण्यात आले. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखी ही व्यवस्था असते. आतून कोणी पार्सल मागवले तर त्याची नोंद असते, ते बरोबर घरी पोहोचते. पण अचानक आलेला पाहुणा कोणत्या घरचा, हे वॉचमनला ठाऊक नसते. तो गेटवरच अडतो. म्हणून संकेतस्थळे दिसतात, व्हिडीओ चालतात, पण बाहेरून घरातला सर्व्हर सापडत नाही. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये कितीही ‘पोर्ट’ उघडले तरी उपयोग नाही. अडवणारे गेट पुढचे आहे.

घरात दोन राउटर असतील तर एकाला ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवावे. नाहीतर सेवा देणाऱ्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा. बहुधा त्याचे वेगळे पैसे पडतात. दोन्हीकडे आयपीव्ही-६ असेल तर त्या वाटेनेही जाता येते. घरगुती वापरासाठी सोयीचा उपाय म्हणजे सर्व्हरनेच आतून बाहेर संपर्क साधून मोबाइलशी बंदिस्त बोगदा जोडणारे व्हीपीएन.

एक चूक मात्र करू नये. सार्वजनिक पत्ता मिळाला म्हणून विंडोजच्या फाइल शेअरिंगचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला उघडे करू नये. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम याच वाटेने पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या. ती त्रुटी बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. अनेकांनी ते घेतले नव्हते. सर्व्हरचे अपडेट आणि मजबूत पासवर्ड हे लसीकरणासारखे आहे, आजार येण्याआधी करायचे.

आणि सर्व्हर कितीही चांगला चालला तरी वीज जाते, डिस्क बिघडते. म्हणून शेवटचा ईसीजी, चालू औषधांची यादी आणि ॲलर्जीची नोंद रुग्णाच्या मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स त्याच्या पाकिटात असावी. ती उघडायला इंटरनेट लागत नाही.