विहीर भरलेली, तरी केळ तहानलेली

लोकलच्या खडखडाटात ज्यांचं अर्धं ऐकायचं राहिलं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. आजचा प्रश्न वसईच्या वाड्यांमधला आहे. विहिरीत पाणी आहे, पंप चालू आहे, आळं भरलंय, आणि तरीही केळीच्या पानांच्या कडा करपतायत. असं का?

आधी काकडीची कोशिंबीर आठवा. मीठ आधी घालून ठेवलं की भांड्यात पाणी सुटतं. काकडीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला सहज जाऊ देतो, मिठाला मात्र अडवतो. मग पाणीच निघतं, जिकडे विरघळलेलं जास्त आहे तिकडे. शाळेत आपण याला परासरण म्हणायचो आणि दोन मार्कांना लिहून विसरायचो. आगाशीची सुकेळी टिकते त्यातही हाच हात आहे. राजेळी केळं वाळवल्यावर साखर इतकी दाट होते, की त्यावर बसलेल्या जंतूचंच पाणी ओढलं जातं.

मुळाचं गणित याच्या उलट. मुळाच्या पेशीत मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, कारण मूळ ऊर्जा खर्च करून ते आत घेतं. त्यामुळे पाणी आत येतं. पण ते वर पानापर्यंत चढवतं कोण? झाडात पंप नाही. पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ उडते, आणि उडालेल्या प्रत्येक थेंबामागे खालचं पाणी दोरीसारखं वर खेचलं जातं. ज्या नळ्यांमधून ते चढतं त्या जलवाहिन्या तर मेलेल्या पेशींच्या असतात! मला हे अजूनही भन्नाट वाटतं.

आता विहिरीचं पाणी मचूळ झालं असं समजा. मुळाबाहेर मीठ वाढलं, की आत आणि बाहेरचा फरक कमी होतो. पाणी समोर आहे, पण आत यायला नाखूश आहे. केळीची पानं मोठी, त्यातून वाफ भरपूर जाते, आणि मीठ न सोसणाऱ्या पिकांमध्ये तिचा नंबर लागतो. जे थोडं मीठ पाण्याबरोबर आत शिरतं ते पानाच्या कडेपर्यंत पोचतं. तिथे पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून कडा आधी जळतात, आणि तेही जुन्या पानांच्या. (बाल्कनीतल्या कुंडीत मूठभर जास्त खत टाकून रोप ‘जळतं’ ना, त्यातही बरंचसं हेच असतं.)

मग खाडीतली तिवरं कशी जगतात? समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातून पाणी ओढायला सुमारे 25 वातावरणांइतका जोर लागतो. मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच असतो. कांदळवनाची झाडं याहून जास्त ताण देतात, हे पेर शोलँडर यांनी 1965 मध्ये मोजून दाखवलं. शिवाय तिवराची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, आणि आत आलेलं पान बाहेर टाकतं. पान चाटून बघा, खारट लागेल. केळीकडे यातलं काहीच नाही.

पण मीठ विहिरीत आलं कुठून? समुद्र तर पूर्वीही तिथेच होता. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या वर 1 मीटर असेल, तर खाली जवळपास 40 मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. उलटही खरं. उपसा करून वरची पातळी 1 मीटर उतरवली, तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 मीटर वर सरकू शकतं. म्हणजे रोज टँकर भरणारा वर जेवढं नेतो, त्याच्या कितीतरी पट हिशेब खाली बदलतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने टँकरच्या उपशाविरुद्ध आवाज उठवला, त्यामागे हे गणित होतं. माझ्या मते ते आंदोलन ‘विकासाला विरोध’ म्हणून बाजूला सारणं चूक आहे.

आणि बावखलं! वाडीतली ही तळी पावसाचं पाणी धरून जमिनीत मुरवतात, म्हणजे खाऱ्यावर तरंगणारा तो गोडा थर जाड ठेवतात. बावखल बुजवून प्लॉट काढला, की मुरणारं पाणी गटारातून थेट खाडीत जातं.

केळीचं दुखणं मिठाचंच आहे का, हे पाहायला एक साधा टीडीएस मीटर घ्या. विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा मोजा, दोन्ही आकडे फोनमध्ये टिपून ठेवा. मे मधला आकडा दरवर्षी वाढत असेल तर खारं पाणी वर येत असल्याची शंका घ्यायला हवी. अशा वेळी पाण्याच्या पाळ्या वाढवून भागत नाही. प्रत्येक पाळीबरोबर थोडं मीठही आळ्यात येतं, आणि ते धुऊन खाली न्यायला गोडं पाणीच लागतं, बहुतेक वेळा जूनचा पाऊस.