न पुकारलेलं युद्ध : अमेरिका आणि फ्रान्स (१७९८–१८००)

- ठिणगी : १७९४ मध्ये अमेरिकेचा ब्रिटनशी ‘जे करार’. नाराज फ्रान्सकडून अमेरिकी व्यापारी जहाजांची धरपकड.
- ‘एक्स-वाय-झेड’ प्रकरण : १७९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांचे तीन दूत पॅरिसमध्ये. फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या मध्यस्थांची मागणी : बोलणी हवीत तर लाच आणि वर कर्ज. १७९८ मध्ये कागदपत्रं उघड करताना मध्यस्थांच्या नावांऐवजी ही अक्षरं घातली.
- आरमार : ३० एप्रिल १७९८ रोजी अमेरिकेचं स्वतंत्र नौदल खातं. लढाई समुद्रावरच, मुख्यतः कॅरिबियन भागात. फेब्रुवारी १७९९ मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘कॉन्स्टेलेशन’ने फ्रेंच युद्धनौका ‘लँसुर्जांत’ पकडली.
- अमेरिकेतले दोन पक्ष : फेडरलिस्ट (ॲडम्स, हॅमिल्टन) ब्रिटनकडे झुकलेले, डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन (जेफरसन, मॅडिसन) फ्रान्सकडे.
- राजद्रोह कायदा : युद्धाच्या वातावरणात फेडरलिस्टांनी केलेला, १४ जुलै १७९८. सरकार, राष्ट्राध्यक्ष किंवा काँग्रेसविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिखाण केल्यास २,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. संरक्षितांच्या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नाहीत. त्या पदावर तेव्हा विरोधी पक्षाचे जेफरसन. मुदत ३ मार्च १८०१ रोजी संपली.
- शेवट : ३० सप्टेंबर १८०० चा मोर्तफोंतेन करार.
- फरक : अमेरिकेचं १८१२ चं युद्ध ब्रिटनशी आणि रीतसर जाहीर केलेलं, हे फ्रान्सशी, घोषणेविना.