कबाया, झब्बा आणि आजीचं झंपर

शिरूरच्या शिंप्याच्या दुकानात आजी आणि नात एकच पिशवी घेऊन येतात. नात म्हणते, “ब्लाउज शिवायचाय, अस्तर लावून.” आजी मापाचं जुनं काढून पुढे करते, “माझ्या झंपराची बाही कोपरापर्यंत ठेवा, दादा.” कपडा तोच, शब्द दोन. घोडनदीकाठी काय, दौंडला भीमेकाठी काय, जुन्या बायकांच्या तोंडी अजून झंपरच. हा शब्द आला कुठून?

शब्दाचं मूळ कसं शोधतात, ते मलय भाषेतल्या ‘कबाया’वरून छान कळतं. कबाया म्हणजे बायकांचा पुढून उघडणारा, अंगासरशी बसणारा सदरा. 2024 मध्ये युनेस्कोने तो आग्नेय आशियातल्या पाच देशांचा सामाईक वारसा म्हणून नोंदवला. या शब्दाच्या मुळावर दावा सांगणारे दोन, दोन्ही अरबी: ‘अबाया’ हा बायकांचा पायघोळ झगा आणि ‘कबा’ हा पुरुषांचा पुढून उघडा अंगरखा.

कानाला अबाया जवळचा वाटतो. पण भाषाशास्त्र नुसत्या कानावर विसंबत नाही. ध्वनी कोणत्या नियमाने बदलतात, ते तपासतं. ही तपासणी आपणही करू शकतो. अरबी ‘अक्ल’च्या सुरुवातीला घशातून काढायचा ‘ऐन’ हा ध्वनी आहे. उसना घेताना तो गळतो: मराठीत अक्कल, मलयमध्ये अकल. जिभेच्या मुळाशी उमटणारा ‘काफ’ मात्र ‘क’ होऊन टिकतो: कलम मराठीतही, मलयमध्येही. अबायाची सुरुवात ऐनने होते. मग त्याला ‘क’ कुठून फुटणार? कबाजवळ तो मुळातच आहे.

उरला शेवटचा ‘या’. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज अशा अंगरख्याला ‘कबाया’च म्हणत. त्यांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलय मुलखातला मलाक्का. त्यांची ‘अलमारी’ दोन्हीकडे रुजली. कबाया मलाक्क्याकडे टिकला.

आता आजीचं झंपर. ते इंग्रजी ‘जंपर’वरून आलं, पण त्याचा उडीशी संबंध नाही. इंग्रजीत पूर्वी ‘जंप’ म्हणजे आखूड कोट. तो फ्रेंच ‘जूप’वरून आला असावा, असा कोशकारांचा कयास. जूपचं मूळ मात्र अरबी ‘जुब्बा’. आणि जुब्ब्याचाच मराठीत झाला झब्बा.

कयास खरा असेल, तर शिंप्याच्या खुंटीवर शेजारी लटकणारे आजोबांचा झब्बा आणि आजीचं झंपर एकाच घरचे. झंपर तेवढं युरोप फिरून आलंय.