जानेवारीचा सेल, ईदची खरेदी

रमजान ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येते. 2027 ची ईद मार्चमध्ये आहे, म्हणजे जानेवारीचे सेल रमजानच्या आधीच लागतील. घरच्यांचे कपडे तेव्हाच घ्यावेत, असे आम्ही सुचवतो. शेवटच्या दहा रात्रींच्या गर्दीत भाव करायला सवड कोणाला?

मात्र पाटीवरच्या आकड्याला भुलू नये. '50 टक्के, वर 20 टक्के' म्हणजे 70 नव्हे. 1000 रुपयांचा शर्ट आधी 500 वर येतो, मग 400 ला पडतो. सूट 60 टक्केच. दोनवर एक मोफत ही 33 टक्के सूट, तीही तिसऱ्या नगाची गरज असेल तर.

कापड उजेडात उलगडून शिवण पाहावी आणि पक्की पावती घ्यावी. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला चालत नाही. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल, तर 30 दिवसांच्या आत असा माल परत न घेणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आमच्यातल्याच कित्येकांच्या गल्ल्यामागे ही पाटी लटकते आहे, हेही कबूल केले पाहिजे. ऐब लपवून विकणे शरीयतमध्ये नाजायज आहेच. तेव्हा डागाचा माल सेलमध्ये काढताना पावतीवरच लिहून द्यावे: 'बाहीवर डाग, म्हणून 150 रुपये कमी.'