शिक्-रा-पूर, रां-जण-गाव

सकाळी ६. फोनवरचा तानपुरा काळी एकला लावून आधी माझा रियाज. थोडा खर्ज, मग भूप. तो आटोपला की तानपुरा काळी चारवर नेतो आणि आज वर्गात घ्यायची गाणी त्या पट्टीत पेटीवर वाजवून पाहतो, कारण मुलं तिथे गाणार असतात. पुरुष शिक्षकाने स्वतःच्या पट्टीत सूर दिला, की निम्मी मुलं खाली पुटपुटतात आणि निम्मी वरच्या सप्तकात उडी मारून ओरडतात. मग त्यांच्यावर ‘बेसूर’ असा शिक्का बसतो. दोष पट्टीचा असतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लहानपणी तोंड मिटून बसवलेली माणसं मी पाहिली आहेत; ती पन्नाशीतही आरतीला नुसत्या टाळ्या वाजवतात.

९.३०. चाकण चौकात कंटेनरची रांग. त्या खोळंब्यात दिवसाच्या तासिकांचा क्रम मनात पक्का होतो.

१०.३०, परिपाठ. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, तरी सुरुवातीचा सूर चुकला तर शेवटपर्यंत सावरत नाही. म्हणून माइकवरच्या मुलीला मी आधी नुसता ‘सा’ धरायला लावतो. तिच्याबरोबर सगळं मैदान तोच ‘सा’ गुणगुणतं आणि मगच शब्द सुरू होतात. २०२३च्या शिवजयंतीपासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं. त्यात आवेश आला की मुलांचा गळा ताणला जातो. आवेश शब्दांच्या ठसठशीत उच्चारातून आणायचा, हे रोज सांगावं लागतं.

११ वाजता पाचवी. साठेक मुलं, एक पेटी, तबला नाही. मग ताल अंगावर घ्यायचा. मी फळ्यावर लिहितो: शिक्-रा-पूर, रां-जण-गाव. तीन आणि तीन, सहा मात्रा, दादरा झाला. ‘शिक्’वर टाळी, ‘रां’वर हात उघडून खाली. मग स-णस-वा-डी, पिंप-ळे-जग-ताप. चार आणि चार, केरवा. आपल्या गावाच्या नावात ताल आहे हे कळल्यावर मुलं थांबत नाहीत. रांजणगावच्या कारखान्यांमुळे इथे मराठवाड्यातली, बिहारमधली, ओडिशातली कुटुंबं आली आहेत. त्यांची मुलं आपापल्या गावांची नावं घेऊन येतात आणि ती मात्रांत बसवायला अख्खा वर्ग कामाला लागतो. मराठी अडखळत बोलणारं पोरही इथे सगळ्यांच्या बरोबरीने चालतं. एकदा अशा मुलाला आईचं गाणं म्हणायला सांगून बघावं. वर्ग किती शांतपणे ऐकतो!

मधली सुट्टी, खिचडी.

१.३० वाजता आठवी, माझा सगळ्यात नाजूक तास. मुलग्यांचे आवाज फुटायला लागलेले असतात. याच वयात मुलं गाणं सोडतात आणि बहुतेकदा कायमची सोडतात. त्यांना गटाबाहेर काढायचं नाही. मुली वर गातात, मुलगे खाली ‘सा’ आणि ‘प’ धरून ठेवतात. ज्याला तेही जड जातं त्याच्या हाती हलगी किंवा टाळ. आवाज फुटणं म्हणजे गळा मोठा होणं, हे मी त्यांना साध्या शब्दांत सांगतो. कोणी हसत नाही. याच वर्गात गावच्या भजनात पखवाज वाजवणारा एक मुलगा आहे. भजनी ठेका त्याच्याकडून शिकायचा आणि मीही रांगेत बसायचं, असा आमचा शिरस्ता.

२.४५. आर.टी.ई. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कला म्हटलं की शाळांच्या डोळ्यांपुढे बहुतेकदा चित्रकला येते. म्हणून स्नेहसंमेलनाच्या बैठकीत माझं एकच मागणं असतं: स्पीकरवरच्या गाण्यांवरचे नाच होऊ देत, पण एक गाणं मुलांच्या गळ्यातून, संपूर्ण वर्गाचं, निवड न करता.

३.१५ वाजता सातवी, भूप. पाचच स्वर, ‘म’ आणि ‘नी’ नाहीत, त्यामुळे पाय घसरायच्या जागा कमी. फळ्यावर भातखंडे पद्धतीने लिहितो, मंद्राला खाली टिंब, तारला वर. पण लिहिण्याआधी ऐकणं. मी दोन स्वर वाजवतो, मुलं डोळे मिटून हाताने चढ-उतार दाखवतात. अनेकांना एकत्र कसं शिकवायचं हा प्रश्न माझ्या वर्गात जन्मलेला नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा एका गुरूपुढच्या मोजक्या शिष्यांचं गाणं वर्गात आणायचं कोडं त्यांनी उचललं होतं. त्यांच्या परंपरेतून १९३१मध्ये उभ्या राहिलेल्या मंडळाची ‘प्रारंभिक’ परीक्षा देणारी मुलं शाळा सुटल्यावर ५ वाजता थांबतात. त्यांच्यावर मी मेहनत घेतो, पण दिवसाचा चांगला वेळ त्यांच्यासाठी राखत नाही. तो साठ जणांचा आहे.

रात्री ८. गावातल्या सप्त्यात हरिपाठाला. इथून जवळच संत कान्हूराजांचं केंदूर, पलीकडे आळंदीत १९१७पासून वारकरी शिक्षण संस्था. या पट्ट्यातल्या मुलांच्या कानावर शाळेआधीच केवढं संगीत पडलेलं असतं. कोणत्या चाली त्यांना येतात ते मी इथे बसून टिपून घेतो. आज पखवाजाचे बुवा शनिवारच्या सकाळच्या शाळेत यायला तयार झालेत. तास दोनच आहेत आणि पाचवीच्या तुकड्या तीन. दोन तुकड्या व्हरांड्यात एकत्र बसवायची परवानगी उद्या मुख्याध्यापकांकडे मागायची आहे.