जोर चारी चाकांचा

दोस्तांनो, पिकअपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा कधी पाहिलाय? नव्या गाड्यांत त्याच्याऐवजी गोल बटण असतं. टू-एच, फोर-एच, फोर-एल असं त्यावर लिहिलेलं असतं.

माझ्या मामाकडे कोकणात अशीच एक पिकअप होती. एकदा जुलैत खताची पोती शेतावर उतरवून आम्ही परत निघालो आणि चिखलात मागची चाकं जागच्या जागी गरगरा फिरायला लागली. भरलेली गाडी आली, रिकामी अडकली! नवल वाटलं ना? पण कारण सोपं आहे. साध्या पिकअपमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. हौदा रिकामा झाला की मागची बाजू हलकी होते, आणि हलकं चाक जमिनीला घट्ट धरत नाही. इंजिनाचं वजन मात्र पुढच्या चाकांवर असतंच. मामानं तो बुटका दांडा ओढला, पुढच्या चाकांनाही जोर मिळाला आणि गाडी बाहेर!

मामा खूश. इतका खूश, की दांडा तसाच ठेवून डांबरी रस्त्यानं थेट बाजार गाठला. वळणावर स्टिअरिंग जड झालं, गाडी आचके द्यायला लागली. दांडा काही केल्या सुटेना. मेकॅनिक म्हणाला, "दादा, डांबरावर फोर-व्हील कशाला लावलंत? दात तोडायचेत का आतले?" त्यानं गाडी थोडी रिव्हर्स घ्यायला लावली, तसा दांडा सुटला.

असं का झालं? सायकलची दोन्ही चाकं ओली करा आणि अंगणात एक गोल चक्कर मारा. दोन वेगवेगळ्या रेघा उमटतील. बाहेरची, म्हणजे लांब रेघ पुढच्या चाकाची. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. दांडा ओढला की मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात चाकं थोडी घसरून हिशेब जुळवून घेतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा ताण आतल्या दात्यांवर आणि टायरवर येतो. (काही गाड्यांत मध्ये आणखी एक डिफरन्शियल असतं, त्यांना डांबर चालतं. बाबांना गाडीबरोबरचं पुस्तक वाचायला सांगा!)

म्हणून चिखल, वाळू, ओलं गवत दिसलं की फोर-एच. तेही अडकण्याआधीच. चाक गरगरायला लागलं की ते स्वतःचाच खड्डा खणतं. फोर-एल म्हणजे वेग अगदी कमी, ताकद भरपूर. खडी चढण, दगडगोटे किंवा बेताबेतानं उतरायचा तीव्र उतार असेल तेव्हा ते लावायचं.

आणि ब्रेक? ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतात. फोर-व्हीलनं गाडी सुटते लवकर, थांबत नाही लवकर. निसरड्या घाटात हे विसरणारे थेट कठड्यावर जातात.

त्याच पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. मी म्हटलं, "मामा, आपल्याकडे फोर-व्हील आहे की!" मामानं इंजिन बंद केलं. "पाणी गाडीलाच उचलतं रे. उचललेल्या चाकाला जोर देऊन काय करू?"

पाणी उतरेपर्यंत आम्ही तीन तास टपरीवर बसून होतो. मी चार भजी जास्तच खाल्ली.